डुकराचे मटण सबंध भाजताना कोणती फळे आणि कोणता पाला वापरावा?

शाहूपुरीकर

नाताळ जवळ आला की डुकराचे मटण सबंध भाजण्याविषयी विचारणा सुरू होते. उत्तरादाखल बहुतेक वेळा परदेशी पाककृती जशाच्या तशा दिल्या जातात आणि त्यांत रोजमेरी, सेज, थाइम हे सुगंधी पाले व हिरवी आंबट सफरचंदे घरात आहेतच असे गृहीत धरलेले असते. या वस्तूंसाठी गावभर फिरण्यापेक्षा त्यांचे पदार्थातले काम समजून घेतले, तर कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात आणि अंगणातल्या कुंडीत मिळणाऱ्या जिनसांवर हा पदार्थ उत्तम होतो, असे माझे ठाम मत आहे. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी फळांविषयी लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. या मटणात फळ घालायचे ते गोडीसाठी नव्हे, आंबटपणासाठी. डुकराची चरबी बकऱ्याच्या चरबीपेक्षा कमी उष्णतेवर वितळते, तोंडात ती चटकन विरघळते आणि चार घासांनंतर जिभेवर ओशटपणा साचू लागतो. तो ओशटपणा कापायला आंबट काहीतरी लागते. इंग्लंडमध्ये या मटणाबरोबर सफरचंदाची जी चटणी वाढतात, ती ब्रॅमली नावाच्या अतिशय आंबट जातीच्या सफरचंदाची असते. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात सफरचंदाबरोबर त्याच फळाची आंबूस दारूही घालतात, आणि डेन्मार्कमध्ये मटणाच्या पोकळीत सुके आलुबुखार व सफरचंदाच्या फोडी भरतात. आपल्याकडे गाड्यावर मिळणारे लाल सफरचंद मात्र गोड आणि रवाळ असते, त्यात आंबटपणा नावालाच असतो. ते मटणाखाली पसरले की शिजून त्याचा गोड लगदा होतो आणि पदार्थ हलका होण्याऐवजी अधिक जड होतो.

त्याऐवजी मी नाताळात अर्धवट पिकलेला पेरू वापरतो. तो भट्टीत (ओव्हनमध्ये) आपला आकार सोडत नाही, त्यातल्या पेक्टिनमुळे मटणाखालच्या ताटात उतरलेल्या रसाला आपोआप दाटपणा येतो, आणि त्याचा वास भाजलेल्या चरबीशी फार सुरेख जुळतो. आंबटपणासाठी सोबत कोकणातून गगनबावड्याच्या वाटेने येणारी आमसुले घालावीत. उन्हाळ्यात हाच पदार्थ करायचा असेल तर पेरूची जागा कैरीने घ्यावी आणि आमसूल अजिबात घालू नये, कारण दोन आंबट वस्तू एकमेकींचा स्वाद झाकतात. तासगावचा बेदाणा घालावा, पण तो आधी कोमट पाण्यात भिजवून आणि अगदी शेवटी, रसात. भट्टीच्या उघड्या झळीत बेदाणा कडक होतो आणि कडवट लागतो.

आता पाल्याविषयी. थाइमला जो वास असतो तो मुख्यतः थायमॉल या द्रव्याचा, आणि आपल्या ओव्याचा वासही त्याच द्रव्याचा असतो. ज्यांच्याकडे पानओव्याची कुंडी आहे त्यांनी त्याची जाडसर पाने लसणाबरोबर कुटून घ्यावीत, ज्यांच्याकडे नाही त्यांनी ओवा किंचित भरडून घ्यावा. मात्र ओव्याचा हात आखडता हवा. दोन किलो मटणाला अर्धा चहाचा चमचा पुरतो, त्याहून अधिक झाला तर पदार्थाला औषधी वास येतो. बडीशेप तर या मटणाची जुनी सोबतीण आहे. इटलीतल्या उंब्रिया भागात रानटी बडीशेप, लसूण आणि मिरी भरून पोर्केत्ता भाजतात, आणि रोमजवळच्या आरिच्या या गावच्या पोर्केत्तात रोजमेरी, लसूण व मिरी असते. त्या गावच्या पोर्केत्ताला २०११ साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकनही मिळाले. फिलिपाइन्सच्या सेबू बेटावर सबंध डुकराच्या पोटात गवती चहाच्या जुड्या भरून ते निखाऱ्यावर फिरवत भाजतात, आणि गवती चहा तर आपल्याकडे परसात उगवतो. रोजमेरी कुंडीत लावता येते, फक्त पावसाळ्यात मुळाशी पाणी साचू देऊ नये. सेजला मात्र मला आपल्याकडे समाधानकारक पर्याय सापडलेला नाही, आणि त्याच्या जागी पुदिना किंवा कोथिंबीर घालू नये, कारण दोन-तीन तासांच्या उष्णतेत त्यांचा वास उरत नाही.

माझी पद्धत अशी आहे. पुढचा फरा कातडीसकट दोन किलोचा एकसंध तुकडा घ्यावा. पाठीचा भाग दिसायला देखणा असला तरी त्यात चरबी कमी असते आणि तो पटकन कोरडा पडतो. कातडीवर धारदार सुरीने बोटाबोटाच्या अंतरावर चिरा द्याव्यात, पण सुरी चरबीपर्यंतच जाऊ द्यावी, मांसापर्यंत नव्हे, नाहीतर आतला रस वर येऊन कातडी मऊ पडते. पंचवीस ते तीस ग्रॅम मीठ सर्व बाजूंनी चोळावे. पानओवा, लसूण, बडीशेप आणि मिरी यांचे वाटण फक्त मांसाच्या बाजूला लावावे. कातडीवर वाटणाचा कणही राहू नये, कारण लसूण आणि पाला तिथे जळून कडू होतात. हा तुकडा कातडी वर करून, न झाकता, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा म्हणजे कातडी चामड्यासारखी कोरडी होते. दुसऱ्या दिवशी १६० अंश सेल्सिअसवर साधारण तीन तास भाजावे. शेवटच्या पाऊण तासात ताटात पेरूच्या फोडी, कांद्याचे मोठे तुकडे, गवती चहाची जुडी आणि आमसुले घालावीत. सर्वांत शेवटी उष्णता २३० अंशांवर नेऊन पंधरा-वीस मिनिटे कातडी फुलू द्यावी, आणि या काळात भट्टीसमोरून हलू नये.

माहेरगोवा

शाहूपुरीकर, लेख अतिशय नेमका आहे, आणि पेरूची कल्पना मला मनापासून आवडली. तरी एका बाबतीत माझा मतभेद नोंदवते. आंबटपणा शेवटच्या पाऊण तासात घालावा असे आपण म्हणता, पण आमच्याकडे तो आधीच मटणात मुरवतात. पोर्तुगीजांनी दारू आणि लसणात मटण मुरवण्याची रीत गोव्यात आणली, तिथे दारूची जागा माडाच्या व्हिनेगारने घेतली आणि पुढे त्यात मिरची येऊन मिळाली. विंदालू त्यातूनच घडले. व्हिनेगारात रात्रभर राहिलेल्या मटणाला जी चव येते ती वरून घातलेल्या आमसुलाने येणार नाही, असे माझे मत आहे.

सबंध भाजण्यासाठीही मी मांसाच्या बाजूला माडाचे व्हिनेगार, लसूण, आले, दालचिनी आणि मिरी यांचे दाट वाटण लावते. फळ म्हणून अननस घालते, कारण अननसाची आंबटगोड चव या मसाल्यात नीट बसते. माझ्या आईच्या घरी अननसाचे वाटण करून त्यातच मटण मुरवत असत.

शाहूपुरीकर

माहेरगोवा ताई, व्हिनेगाराच्या बाबतीत आपले म्हणणे मला पूर्ण पटते, फक्त ते मांसापुरतेच राहावे आणि कातडीला लागू नये, एवढीच पुस्ती जोडतो. विंदालूसारख्या रस्सेदार पदार्थात मटणाचे लहान तुकडे असतात, म्हणून व्हिनेगार आतवर पोहोचते. दोन किलोच्या एकसंध तुकड्यात ते रात्रभरात वरच्या थरापलीकडे फारसे जात नाही. त्यासाठी सुरीच्या टोकाने मांसात खोल खाचा पाडून त्यांत वाटण दाबून भरावे.

अननसाबाबत मात्र सावध राहावे असे सुचवतो. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते, कच्च्या पपईत पपेन असते, आणि दोन्ही मांसातली प्रथिने तोडतात. तासाभरासाठी त्याचा उपयोग होतो, पण रात्रभर ठेवले तर बाहेरचा थर पिठूळ होतो आणि दाताखाली मांसाचा धागा लागत नाही. आपल्या आईंच्या पद्धतीत अननस आधी शिजवून घेत असावेत किंवा वेळ थोडा देत असावेत, कारण शिजवलेल्या अननसातले विकर निष्क्रिय होते. कच्चा अननस वापरायचा असेल तर तो ताटात, शेवटच्या पाऊण तासातच घालावा. तिथे उष्णता इतकी असते की विकराला काम करायला वेळच मिळत नाही, आणि फोडींच्या कडा तपकिरी होऊन सुरेख लागतात.

माहेरगोवा

आपला तर्क बरोबर आहे. आईला विचारले, तेव्हा तिने सांगितले की अननस गुळाच्या पाण्यात उकळून, गार करून मगच वाटत असत.

रांगडारस्सा

दोघांचेही लिखाण वाचून आनंद झाला, परंतु कोल्हापुरात बसून आपण कांदा-लसूण मसाल्याचे नावही घेत नाही, याचे वाईट वाटते. गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी मिरची, भाजलेले खोबरे, तीळ, धणे आणि लसूण हे सगळे ज्या मसाल्यात आहे, तो चरबीदार मटणाला शोभणार नाही असे कसे म्हणता येईल? माझ्या घरी मसाला आणि कोल्हापुरी गूळ तेलात कालवून सबंध तुकड्याला चोळतात.

शाहूपुरीकर

मसाल्याच्या थोरवीबद्दल दुमत नाही, प्रश्न तो कुठे आणि केव्हा घालायचा एवढाच आहे. त्यातले खोबरे आणि लसूण आधीच भाजलेले असतात. ते पुन्हा तीन तास कोरड्या उष्णतेत राहिले की जळतात आणि मिरचीचा रंग काळा पडतो. गुळाचेही तेच होते. वरचा गूळ १६० अंशांवर हळूहळू काळवंडतो, आणि २३० अंशांवर तर काही मिनिटांत करपतो. गूळ लावायचा असेल तर कातडी नसलेल्या तुकड्याला, शेवटच्या पंधरा मिनिटांत, आमसुलाच्या दाट पाण्यात विरघळवून ब्रशने लावावा आणि उष्णता १८० अंशांच्या वर नेऊ नये.

कांदा-लसूण मसाल्याची खरी जागा रसात आहे, आणि हा भाग मी आधी लिहायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. खाटिकाकडून फऱ्याचे हाड वेगळे करून घ्यावे आणि आपण तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी जशी अळणी करतो तशी त्या हाडाची हळद-मीठ घालून अळणी, म्हणजे बिनमसाल्याचे उकळलेले पाणी, करावी. मटण भट्टीतून काढले की ताटातली चरबी निथळून बाजूला करावी, ताटाला चिकटलेला तपकिरी थर अळणीने खरवडून सोडवावा, त्यात शिजलेल्या पेरूच्या दोन फोडी कुस्करून घालाव्यात आणि चमचाभर कांदा-लसूण मसाला टाकून पाच मिनिटे उकळावे. भिजवलेला बेदाणा इथे घालावा. या रसात आमसुलाचा आंबटपणा, पेरूचा दाटपणा आणि मिरचीचा झणका एकत्र येतात आणि मटणाचा स्वतःचा वासही शाबूत राहतो. भाकरीबरोबर हा रस वाढून पाहावा.

रांगडारस्सा

अळणीचा मार्ग पटला. मसाला रसात घालून पाहीन आणि कसा झाला ते इथे कळवीन.

पांढराकोट

चर्चा चवीची असली तरी एक वैद्यकीय बाब स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. डुकराच्या मटणात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. त्या मांसात साबुदाण्याएवढ्या पांढुरक्या दाण्यांच्या रूपात दिसतात, आणि तसे दाणे दिसले तर ते मटण अजिबात घेऊ नये. अर्धवट शिजलेले असे मटण खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी वाढतो. फेफरे आणणाऱ्या मेंदूतल्या गाठी मात्र मांस खाल्ल्याने थेट होत नाहीत. ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि ती न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात गेली तर त्या गाठी होतात. म्हणूनच डुकराच्या मटणाला कधीही न शिवणाऱ्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. मटण पूर्ण शिजवणे, हात धुणे आणि कच्च्या भाज्या स्वच्छ करणे या तिन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व आहे.

उष्णतेबद्दल सांगायचे तर अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ साली सबंध तुकड्यासाठी आतली उष्णता ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती पुरेशी ठरवली. त्याआधी ही मर्यादा ७१ अंश होती. खिम्यासाठी ती आजही ७१ अंशच आहे. आपल्याकडे मटणाचा उगम आणि तपासणी यांची खात्री प्रत्येक वेळी देता येत नाही, म्हणून घरी ७१ अंशांच्या खाली थांबू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रंगावर विसंबू नये. फळांच्या आम्लाने किंवा वाटणाने रंग बदलतो आणि आत कच्चे असतानाही मटण शिजल्यासारखे दिसते.

शाहूपुरीकर

डॉक्टरसाहेब, हे लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. फऱ्याच्या बाबतीत सुरक्षितता आणि चव एकाच दिशेला जातात, हे आपले सुदैव आहे. या भागात जोडऊती पुष्कळ असते, आणि तिच्यातले कोलॅजेन मऊ जिलेटिनमध्ये बदलायला ७० अंशांच्या वर बराच वेळ जावा लागतो. त्यामुळे मी फऱ्याच्या आतली उष्णता ८५ ते ९० अंशांपर्यंत जाऊ देतो. पाठीचा भाग घेतला तर मात्र ७१ अंशांना लगेच बाहेर काढावा. टोकदार सळईचा उष्णतामापक हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसावा. हाडाजवळची उष्णता मांसापेक्षा वेगळी असते आणि आकडा फसवा येतो.

मटणाच्या उगमाविषयी आणखी एक सांगतो. कोल्हापुरात डुकराचे मटण बकऱ्याच्या मटणासारखे चौकाचौकात मिळत नाही, ते आधी सांगून ठेवावे लागते. बंदिस्त पालनातल्या पांढऱ्या यॉर्कशायर किंवा लँडरेस जातीचे मटण मिळते का, हे विचारून घ्यावे. डोंगराकडून कुणी रानडुकराचे मटण आणून देतो म्हणाले तर स्पष्ट नकार द्यावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्या प्राण्याची विनापरवाना शिकार करण्यास मनाई आहे, आणि त्या मटणाची कोणतीही तपासणी झालेली नसते.

नवाओटीजी

मी हा पदार्थ प्रथमच करणार आहे. माझ्याकडे अठ्ठावीस लिटरचा ओटीजी (विजेवर चालणारा छोटा ओव्हन) आहे. दोन किलोचा तुकडा त्यात वरच्या सळईच्या फार जवळ येतो. अशा वेळी काय करावे? दुसरे म्हणजे, दिवाळीत आपण नानकटाईचे पत्रे बेकरीत भाजायला देतो, तसे हे मटण बेकरीच्या भट्टीत देता येईल का?

शाहूपुरीकर

ओटीजीत सव्वा ते दीड किलोचाच तुकडा घ्यावा आणि ताट सर्वांत खालच्या खाचेत ठेवावे. पहिले दोन तास फक्त खालची सळई चालू ठेवावी, किंवा दोन्ही चालू ठेवून मटणावर पत्र्याचा कागद (फॉइल) सैल झाकावा. कातडी फुलवताना कागद काढून वरची सळई चालू करावी. छोट्या ओटीजीत चरबीचे थेंब सळईवर उडून धूर होतो, म्हणून ताटात सुरुवातीपासून अर्धा पेला पाणी ठेवावे आणि ते आटत आले की पुन्हा घालावे.

बेकरीच्या भट्टीबद्दल म्हणाल तर पाव काढून झाल्यावर हळूहळू निवत जाणारी लाकडाची भट्टी या कामाला अप्रतिम असते, कारण तिच्या विटा चोहोबाजूंनी सारखी उष्णता देतात. पण कोल्हापुरातल्या अनेक बेकऱ्या मुस्लिम बांधवांच्या आहेत आणि अनेक ठिकाणी शाकाहारी गिऱ्हाइकांचा माल त्याच भट्टीत भाजला जातो. काय भाजायचे आहे हे झाकून ठेवून पत्रा देणे हा सरळ विश्वासघात आहे. मालकाला स्पष्ट शब्दांत विचारावे आणि त्याने नकार दिला तर तो आदराने स्वीकारावा. हाच नियम घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीतही पाळावा. ताटात काय आहे हे आधी सांगावे, आणि जे खात नाहीत त्यांचे जेवण वेगळ्या भांड्यांत करावे.

आजरेकर

ज्यांच्याकडे भट्टी किंवा ओटीजी नाही त्यांच्यासाठी आमच्या गावाकडची पद्धत लिहितो. जाड बुडाचे ॲल्युमिनियमचे किंवा बिडाचे पातेले घ्यावे, तळाला गवती चहाची पाती आणि कांद्याच्या जाड चकत्या अंथराव्यात, त्यावर मटण ठेवावे, झाकण लावून कडा कणकेने बंद कराव्यात, आणि चुलीतला जाळ ओढून केवळ निखाऱ्यावर पातेले ठेवून झाकणावरही निखारे घालावेत. वरचे निखारे खालच्यापेक्षा जास्त हवेत, नाहीतर बुड लागते. तीन तासांत मटण हाडापासून सुटते. यात कातडी कुरकुरीत होत नाही, म्हणून आम्ही ती आधीच काढून वेगळी तव्यावर परततो. मे महिन्यात डोंगरातली हिरवी करवंदे ठेचून मटणावर घालतो. त्यांचा तुरट आंबटपणा चरबीला जितका मानवतो तितका दुसऱ्या कोणत्याही फळाचा मानवत नाही, असा माझा अनुभव आहे. सोबत आजऱ्याचा घनसाळ भात करावा.

शाहूपुरीकर

आजरेकर, हिरव्या करवंदांची माहिती अनमोल आहे. त्यांचा चीक मटणाला लागू नये म्हणून ठेचण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात ठेवता का?

आजरेकर

होय, देठ काढून मिठाच्या पाण्यात तासभर ठेवतो आणि दोनदा पाणी बदलतो. चीक राहिला तर घशाला खवखव होते आणि पातेल्याच्या कडेला काळा चिकट थर बसतो.

नवाओटीजी

सर्वांचे आभार. शेवटची एक शंका आहे. भट्टीतून काढल्यावर लगेच कापावे की थांबावे, आणि उरलेल्या चरबीचे काय करावे?

शाहूपुरीकर

पंचवीस मिनिटे थांबावे, आणि मटण झाकू नये, झाकले तर फुललेली कातडी वाफेने पुन्हा मऊ होते. थांबल्याने रस मांसात स्थिरावतो आणि पाटावर वाहून जात नाही. आधी कातडी सबंध उचलून वेगळी करावी, ती जड सुरीने तोडावी, आणि मग मांस धाग्याच्या आडवे, करंगळीएवढ्या जाडीचे कापावे. चरबी कोमट असतानाच फडक्यातून गाळून काचेच्या बरणीत भरावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी. तिला पानओवा आणि बडीशेपेचा वास लागलेला असतो. उकडलेले बटाटे त्या चरबीत परतले की दुसऱ्या दिवशीच्या थंड मटणाबरोबर वेगळे काही करावे लागत नाही. उरलेले मटण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे आणि तीन दिवसांत संपवावे. पेरूच्या फोडी मात्र त्याच दिवशी खाव्यात.